पथ्याचा हिशेब आणि हातातील यंत्र

एक माता डोळ्यांपुढे आणू या. नागपूरच्या एखाद्या वस्तीतले तिचे घर. दुपारची वेळ आहे आणि घरात सर्वांची पाने वाढली गेली आहेत. भातावर वरण आहे, पोळी आहे, वाटीत दही आहे. तिचे तीन वर्षांचे बाळ आजोबांच्या पानाकडे बोट दाखवते. आजोबा मायेने वरणभाताचा एक घास उचलतात, आणि ती माता त्यांचा हात धरते. सासऱ्यांचा हात धरणे तिला जड जाते, पण तिचा नाइलाज असतो. जो घास इतर बाळांना वाढवतो, तोच घास तिच्या बाळाच्या मेंदूला हळूहळू इजा करणारा आहे.

ही माता आम्ही कल्पिलेली असली, तरी तिचे दुःख कल्पित नाही. चयापचयाचे आनुवंशिक विकार घेऊन जन्मलेल्या बालकांची कुटुंबे आपल्या राज्यात आहेत, विदर्भातही आहेत. त्यांच्या हाती अलीकडे एक नवे साधन येऊ लागले आहे. मुलाने काय खाल्ले, किती खाल्ले आणि आता किती उरले याचा हिशेब ठेवणारी संगणकीय साधने व मोबाइलवरील ॲप ती हीच होत. ही साधने या मातेचा भार कितपत हलका करतील? ती आपल्या भाषेत आणि आपल्या स्वयंपाकघरात चालतील काय? आणि त्यांच्यावर किती विसंबावे? या प्रश्नांचा विचार आज करावयाचा आहे.

हे विकार म्हणजे काय?

आपण खाल्लेल्या अन्नाचे शरीरात विघटन होते. प्रथिनांपासून अमिनो आम्ले तयार होतात, पिष्टापासून साखर तयार होते, आणि पुढे त्यांचे रूपांतर शक्तीत व शरीराच्या घडणीत होते. या प्रत्येक पायरीवर एकेक विकर, म्हणजे एन्झाइम, काम करीत असते. जन्मतःच एखादे विकर नसेल किंवा अपुरे असेल, तर त्या पायरीवर काम अडते. अलीकडे नको तो पदार्थ साचत जातो आणि पलीकडे हवा तो पदार्थ मिळत नाही. ब्रिटिश वैद्य आर्चिबाल्ड गॅरॉड यांनी १९०८ साली दिलेल्या व्याख्यानांत अशा दोषांना प्रथम एका वर्गात आणून नाव दिले.

यांतील सर्वांत परिचित विकार म्हणजे फिनाइलकीटोन्यूरिया, अर्थात पीकेयू. त्यात फिनाइलअलॅनिन नावाचे अमिनो आम्ल रक्तात साचते आणि उपचार न झाल्यास बालकाला गंभीर बौद्धिक अपंगत्व येते. मेपल सिरप युरिन विकारात ल्यूसीनसह तीन अमिनो आम्ले साचतात. गॅलॅक्टोसेमियात दुधातील साखर सोसत नाही, अगदी मातेचे दूधही बंद करावे लागते. ग्लायकोजन साठवणुकीच्या विकारात पोट काही तास रिकामे राहिले तरी रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. प्रत्येक विकार विरळा आहे. पण असे शेकडो विकार आहेत, आणि ज्या घरात तो येतो त्या घराला तो विरळा राहत नाही.

या विकारांच्या इतिहासात वैद्यांइतकेच मातांचेही स्थान आहे. १९३४ साली नॉर्वेचे वैद्य आस्ब्यर्न फॉलिंग यांनी पीकेयूचा शोध लावला. आपल्या दोन्ही मुलांची वाढ का खुंटली याचे उत्तर मिळेपर्यंत एका वैद्यामागून दुसऱ्या वैद्याचे दार ठोठावणारी आई त्यांच्यापर्यंत पोचली, म्हणून तो लागला. पुढे १९५० च्या दशकाच्या आरंभी इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे एका मुलीची आई रोज सकाळी हॉर्स्ट बिकेल यांच्या प्रयोगशाळेबाहेर उभी राही आणि माझ्या मुलीसाठी काही करा, अशी विनवणी करी. बिकेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी फिनाइलअलॅनिन जवळजवळ काढून टाकलेला आहार तयार केला, आणि त्याचा परिणाम १९५३ साली जगापुढे मांडला. आहार बदलून जन्मजात विकार आटोक्यात ठेवता येतो, हे त्यातून सिद्ध झाले. त्यानंतर अमेरिकेत रॉबर्ट गथ्री यांनी बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर करावयाची सोपी चाचणी शोधली. तिचा वृत्तांत १९६३ साली प्रसिद्ध झाला. गथ्री यांच्या भाचीलाच हा विकार होता.

आहार हेच औषध

या बालकांसाठी आहार हाच मुख्य उपचार आहे. गोळी दिवसातून दोनदा घ्यावी लागते. आहार मात्र दिवसातून पाच-सहा वेळा, आणि तोही आयुष्यभर घ्यावयाचा असतो. त्यात चूक होण्याचे प्रसंगही तितकेच. शिवाय हे औषध कोणत्याही औषधालयातून बांधून मिळत नाही. ते घरातच, मातेच्या हातूनच तयार होते.

त्याचा हिशेब किती सूक्ष्म असतो, ते एका उदाहरणाने पाहू. प्रथिनाच्या एका ग्रॅममध्ये ढोबळमानाने ५० मिलिग्रॅम फिनाइलअलॅनिन असते असे धरले जाते. फळांत व काही भाज्यांत ते याहून कमी असते. तुरीच्या १०० ग्रॅम डाळीत सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात. अर्थात २० ग्रॅम डाळीच्या एका वाटी वरणात चार ग्रॅमहून थोडी अधिक प्रथिने आली, म्हणजे २०० मिलिग्रॅमहून अधिक फिनाइलअलॅनिन आले. तीव्र स्वरूपाचा पीकेयू असलेल्या लहान बालकाला दिवसभरात अनेकदा २५० ते ३५० मिलिग्रॅमच सोसते. म्हणजे एका वाटी वरणात दिवसाचा बहुतेक वाटा संपला. उरलेल्या दिवसाची भूक कशाने भागवावयाची? रक्तातील प्रमाण तर बारा वर्षांपर्यंत लिटरमागे १२० ते ३६० मायक्रोमोल यांच्या दरम्यान राखावे, असे युरोपातील तज्ज्ञांची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. ते फार वाढून चालत नाही, तसेच शून्यावरही आणता येत नाही, कारण वाढीसाठी थोडे फिनाइलअलॅनिन लागतेच. उरलेली प्रथिनांची गरज फिनाइलअलॅनिनविरहित अशा खास भुकटीतून भागवावी लागते.

आपल्या स्वयंपाकघरात या बालकासाठी सारेच निषिद्ध आहे, असे मात्र नाही. साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसतात. इतरांच्या उपवासाचा हा पदार्थ या बालकाच्या रोजच्या पोटभरीचा होऊ शकतो. अट एवढीच की खिचडीत शेंगदाण्याचा कूट नको, कारण शेंगदाण्यात डाळीइतकीच प्रथिने असतात. नागपूरच्या संत्र्याच्या १०० ग्रॅम गरात एक ग्रॅमहूनही कमी प्रथिने असतात, तेव्हा मोजून दिलेले संत्रे चालते. बटाटा मोजून चालतो, भातही तोलून थोडा चालतो. गव्हाची पोळी, ज्वारीची भाकरी, बेसनाची पातोडी, गोळाभात, दूध, दही आणि अंडी मात्र दूर ठेवावी लागतात, किंवा अगदी चिमटीने द्यावी लागतात.

एका विकाराचे पथ्य दुसऱ्याला लावता येत नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. पीकेयूच्या बालकाला जे संत्रे चालते, तेच फळशर्करेची जन्मजात असह्यता असलेल्या बालकाला घातक ठरते. त्याला साखर व गूळही वर्ज्य असतो. गॅलॅक्टोसेमियाच्या बालकाला संत्रे चालते, पण खव्याची संत्रा बर्फी चालत नाही. म्हणून शेजारणीने सांगितलेले किंवा कोठेतरी वाचलेले पथ्य आपल्या मुलाला लावणे धोक्याचे आहे.

यंत्र काय करू शकते?

इतका हिशेब रोज मनात ठेवणे कठीण आहे. म्हणूनच पाश्चात्त्य देशांत गेल्या काही वर्षांत यासाठी संगणकीय साधने पुढे आली. अमेरिकेतील नॅशनल पीकेयू अलायन्स या संस्थेने ‘हाऊ मच फी’ नावाची पदार्थांची संगणकीय यादी उपलब्ध केली. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील तज्ज्ञांनी अमिनो आम्लांच्या निरनिराळ्या विकारांसाठी आहारगणनेची ॲप तयार करून त्यांचा वृत्तांत २०१६ साली प्रसिद्ध केला. अशा साधनांचे काम सामान्यतः सारखेच असते. आहारतज्ज्ञाने ठरवून दिलेली दिवसाची मर्यादा आरंभी भरावयाची. मग पदार्थ व त्याचे वजन नोंदवले की त्यातील फिनाइलअलॅनिन, ल्यूसीन किंवा प्रथिने किती, आणि दिवसाच्या वाट्यातून किती उरले, हे पडद्यावर दिसते. आठवड्याची नोंद आहारतज्ज्ञाकडे पाठवता येते. रक्ततपासणीचे आकडे त्याच नोंदीशेजारी ठेवून पाहता येतात.

हा लाभ लहान नाही. रक्तातील प्रमाण वाढले की आतापर्यंत मातेला आठवावे लागे की गेल्या पंधरवड्यात काय बरे दिले होते. आता ते तारखेसह समोर असते. वडील, आजी किंवा मावशी यांनी दिलेला घासही त्याच नोंदीत येऊ शकतो, आणि हिशेब एकट्या मातेच्या डोक्यावर राहत नाही. आमच्या मते या साधनांचा सर्वांत मोठा गुण हाच आहे. त्यांच्यामुळे एकटीचे ओझे सर्व घराचे काम होऊ शकते.

सर्वच उपयुक्त साधने मोठी नसतात. ग्लायकोजन साठवणुकीच्या काही विकारांत कच्चे कॉर्नफ्लॉअर पाण्यात कालवून ठरावीक तासांनी, रात्रीही द्यावे लागते. हा उपाय १९८४ साली वैद्यकीय नियतकालिकातून मांडला गेला. अशा घरी साध्या मोबाइलचा रात्री दोनचा गजर हेच जीवरक्षक यंत्र असते. पीकेयूच्या घरी पहिले डिजिटल साधन फोन नव्हे, तर एक ग्रॅमपर्यंत अचूक तोलणारा स्वयंपाकघरातील लहान काटा होय. काट्यावाचून ॲप आंधळे आहे. वाटी आणि मूठ यांच्या अंदाजावर भरलेली माहिती पडद्यावर कितीही नेटकी दिसली, तरी ती अंदाजच राहते.

आपल्या स्वयंपाकघरात ते कोठे अडते?

परदेशी साधनात औंस आणि कप असतात, आणि पदार्थ तिकडचे असतात. भगर, अंबाडीची भाजी, फुटाण्यांचा चिवडा तिथे सापडत नाहीत. भारतीय पदार्थांची माहिती नाही म्हणून हे अडते, असे मात्र म्हणता येणार नाही. आपल्या देशात अन्नघटकांचे कोष्टक १९३७ सालीच प्रसिद्ध झाले होते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या नव्या कोष्टकांत ५२८ पदार्थांचे पृथक्करण आहे आणि त्यात अमिनो आम्लांचे आकडेही आहेत. याच संस्थेने सर्वसामान्य आहारासाठी ‘न्यूट्रिफाय इंडिया नाऊ’ हे ॲपही काढले. म्हणजे पाया तयार आहे. त्यावर या बालकांसाठी, आपल्या पाककृतींसह आणि आपल्या भाषेत, इमारत उभी राहावयास हवी.

भाषा म्हणजे केवळ लिपी नव्हे. विदर्भातील गृहिणी कोथिंबिरीला ‘सांबार’ म्हणते. उर्वरित देशात सांबार म्हणजे डाळीची आमटी. मातेने ‘सांबार’ असे नोंदवले आणि यंत्राने डाळीची आमटी धरली, तर तिच्या बाळाचा दिवसाचा वाटा कागदावर उगाच संपेल आणि बाळ उपाशी राहील. याउलट आमटीला कोथिंबीर समजले गेले तर अपाय होईल. वालाच्या दाण्यांना आमच्याकडे ‘पोपट’ म्हणतात, ते कोणत्या यंत्राला ठाऊक असणार? म्हणून अशा साधनाची मराठी यादी पुण्या-मुंबईच्या कचेरीत बसून नव्हे, तर नागपूर, भंडारा, यवतमाळ, गडचिरोली येथील गृहिणींना विचारून तयार झाली पाहिजे.

दुसरी अडचण कच्च्या व शिजलेल्या पदार्थांची. कोष्टकातील बहुतेक आकडे कच्च्या धान्याचे असतात. तांदूळ शिजताना पाणी शोषून फुगतो. १०० ग्रॅम भात म्हणजे १०० ग्रॅम तांदूळ नव्हे. यावर सुज्ञ उपाय असा की बाळाचा तांदूळ कच्चा असतानाच वेगळा तोलावा व वेगळ्या भांड्यात शिजवावा.

तिसरी अडचण फोनचीच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९ ते २०२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातील देशातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांनीच स्वतः वापरता येईल असा मोबाइल आपल्याकडे असल्याचे सांगितले. तोही सर्वांकडे स्मार्टफोन असेल असे नाही. अनेक घरी फोन पित्यासोबत कामावर जातो आणि घास घरी भरवला जातो. ज्या साधनाला सतत इंटरनेट लागते, ते मेळघाटात किंवा भामरागडला कितपत चालेल? म्हणून स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगलेला मराठी तक्ता आणि वही यांचे दिवस संपले, असे आम्ही मानत नाही. उत्तम साधन तेच, ज्याची छापील प्रतही काढता येते.

यंत्राने काय करू नये?

आता धोक्यांचा विचार करू. पहिला धोका आजारपणाचा. ताप, उलटी किंवा जुलाब होऊन मूल खाईनासे झाले की शरीर स्वतःच्याच स्नायूंतील प्रथिने मोडू लागते. मेपल सिरप युरिन विकार, सेंद्रिय आम्लांचे विकार, युरिया चक्रातील दोष यांत अशा वेळी काही तासांतही प्राण संकटात येऊ शकतात. तेथे यंत्रात मोजत बसण्यास वेळ नसतो. अशा प्रत्येक कुटुंबाजवळ डॉक्टरांनी लिहून दिलेले आणीबाणीचे पत्रक हवे. मुलाला कोणता विकार आहे, तातडीने काय द्यावे, काय थांबवावे आणि कोणाशी बोलावे, हे त्यात असावे. ते फोनमध्ये असावेच, पण घडी घालून पाकिटातही असावे, कारण रात्रपाळीच्या ज्या डॉक्टरसमोर आपण जाऊ त्याने असा रुग्ण कदाचित कधीच पाहिलेला नसेल.

दुसरा धोका यंत्राच्या आत्मविश्वासाचा. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे संवादक कोणत्याही प्रश्नाला मराठीतही सफाईने उत्तर देतात. उत्तर सफाईदार असले म्हणजे ते बरोबर असतेच, असे नाही. ‘दुधाऐवजी काय देऊ?’ या प्रश्नाचे योग्य उत्तर बालकाच्या विकारावर, वजनावर, वयावर आणि मागील रक्ततपासणीवर अवलंबून असते. संवादक एकच उत्तर सर्वांना देईल, तर ते कोणा एकाला बाधेल. यंत्राने मोजावे आणि आठवण करून द्यावी. मर्यादा ठरवण्याचे व बदलण्याचे काम डॉक्टरांचे व आहारतज्ज्ञाचेच असावे.

तिसरा धोका माहितीचा. मुलाचा आनुवंशिक विकार ही केवळ त्याची नव्हे, तर त्याच्या भावंडांचीही खाजगी बाब असते. उद्या विवाहाच्या वेळी तिचा उच्चार होऊ शकतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील बालकांची माहिती वापरण्यास पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक ठरवली. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होणार आहेत. तोवर पालकांनीच विचारले पाहिजे की हे साधन कोणाचे आहे, माहिती कोठे जाते, आणि ती पुसून टाकता येते काय? खास भुकटी विकणाऱ्या कंपनीनेच जर साधन दिले असेल, तर ते उपयुक्त असू शकते, पण त्यामागील व्यापारी हेतूही ओळखून असावे.

धोरणात काय आहे, हाती काय येते?

साधन कितीही चांगले असले तरी भुकटीचा डबा नसेल तर त्यात मोजावयाचे काय? येथे शासनाच्या धोरणाकडे वळावे लागते.

केंद्र शासनाने २०२१ साली दुर्मीळ आजारांसंबंधी राष्ट्रीय धोरण जाहीर केले. त्यात आजारांचे तीन गट आहेत. विशेष आहाराने आटोक्यात राहणारे विकार, म्हणजे पीकेयू, मेपल सिरप युरिन विकार, होमोसिस्टिन्यूरिया, गॅलॅक्टोसेमिया इत्यादी, दुसऱ्या गटात आहेत. या गटाला साहाय्य देण्याचा विचार राज्य शासनांनी करावा, असे धोरण म्हणते. ‘करावा’ या शब्दात बंधन नाही, आणि पालकांची मुख्य अडचण तीच आहे. २०२२ साली धोरणात दुरुस्ती झाली, आणि कोणत्याही गटातील रुग्णाला मान्यताप्राप्त उत्कृष्टता केंद्रात उपचारासाठी ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्य देण्याची तरतूद झाली. महाराष्ट्रातील असे केंद्र मुंबईच्या केईएम रुग्णालयात आहे. नागपूरहून मुंबई आठशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. बाळाला घेऊन, पथ्याचा डबा सांभाळीत, रात्रभराचा प्रवास करून तपासणीस जाणे रोजंदारीवरील पित्याला किती वेळा जमेल?

एक दिलासा मात्र निश्चित मिळाला आहे. या धोरणात समाविष्ट सर्व दुर्मीळ आजारांसाठी स्वतःच्या वापराकरिता आयात केलेली औषधे आणि विशेष वैद्यकीय आहार यांवरील मूळ सीमाशुल्क केंद्राने १ एप्रिल २०२३ पासून पूर्णपणे माफ केले. त्यासाठी केंद्र वा राज्याचे आरोग्य संचालक, किंवा जिल्हा वैद्यकीय अधिकारी वा जिल्हा शल्यचिकित्सक यांचे प्रमाणपत्र लागते. म्हणजे हे प्रमाणपत्र आपल्याच जिल्ह्यात मिळू शकते. ज्यांना गरज आहे त्यांना हे ठाऊक नसेल, तर ते सांगणे हेही एक सेवाकार्य आहे.

याहूनही मूळ प्रश्न निदानाचा आहे. जन्मानंतर दोन-तीन दिवसांत टाचेतील रक्ताची तपासणी झाली, तर मेंदूला इजा होण्यापूर्वी आहार सुरू करता येतो. आपल्या शेजारच्या गोव्याने २००८ साली नवजात बालकांच्या तपासणीचा राज्यव्यापी उपक्रम हाती घेऊन वाट दाखवली होती. महाराष्ट्राच्या पालघर येथूनच २०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. तथापि, देशातील प्रत्येक नवजात बालकाची या विकारांसाठी तपासणी आजही होत नाही. वेळीच न ओळखलेल्या बालकासाठी जगातील सर्वोत्तम ॲपही उशिराच पोचते.

नागपूरला या बाबतीत एक इतिहास आहे. १९५८ साली शुक्ला व सोलंकी या संशोधकांनी मध्य भारतातील सिकल सेलसंबंधीचा वृत्तांत ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. तेव्हापासून विदर्भात तो आजार ओळखला गेला, मोजला गेला, आणि अखेर २०२३ साली त्याच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. म्हणजे पहिल्या नोंदीपासून मोहिमेपर्यंत पासष्ट वर्षे लागली. जो आजार मोजला जातो, त्याचीच दखल घेतली जाते, हा त्यातील धडा होय. चयापचय विकारांच्या बालकांना आणखी पासष्ट वर्षे थांबता येणार नाही. नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि मिहान परिसरात एम्स आहे. दूरस्थ सल्ल्यासाठी ई-संजीवनी आहे. मुंबईच्या तज्ज्ञाने ठरवावे, नागपूरच्या आहारतज्ज्ञाने पाठपुरावा करावा आणि घरच्या नोंदी यंत्राने दोघांकडे पोचवाव्यात, अशी साखळी उभी करणे अशक्य नाही. डिजिटल साधनाचे खरे मोल या साखळीत आहे. एकटे साधन म्हणजे पडद्यावरचे आकडे, दुसरे काही नाही.

घर आणि धर्मग्राम

आता आपल्याविषयी. असे बाळ जन्मले की अनेक घरी पहिला दोष सुनेवर येतो. शास्त्र सांगते की यांतील बहुतेक विकारांत माता व पिता या दोघांकडूनही सदोष जनुक यावा लागतो, आणि ते दोघेही स्वतः निरोगी असतात. प्रत्येक गरोदरपणात बाळाला विकार होण्याची शक्यता चारात एक असते. यात कोणाचा अपराध नाही, आणि हा कोणत्याही पापाचा दंडही नाही. आते-मामे भावंडांच्या विवाहात अशी शक्यता वाढते. ख्रिस्तसभेचा कायदा सख्ख्या चुलत, आते, मामे व मावस भावंडांच्या विवाहाला मुळात अडथळा मानतो व तो केवळ विशेष परवानगीनेच दूर होतो. अशी परवानगी मागणाऱ्या कुटुंबाने आनुवंशिकतेविषयी डॉक्टरांचा सल्लाही घ्यावा, हे उचित होय.

उपवासकाळात घरचे मोठे उपवास करतात, तेव्हा काही मुलांनाही उत्साह येतो. ख्रिस्तसभा उपवासाचे बंधन अठरा वर्षांपूर्वी कोणावरही घालत नाही, आणि मांसवर्जनाचे बंधन चौदा वर्षांपूर्वी घालत नाही. ज्या बालकाला उपाशी राहणे धोक्याचे आहे, त्याला वेळेवर भरवणे हेच त्या घराचे व्रत समजावे. प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या वेळी पालकांना शंका येते, कारण ख्रिस्तप्रसादाची भाकर गव्हाची असते. तिचे वजन अत्यल्प असते आणि आहारतज्ज्ञ ती हिशेबात धरू शकतात. ज्यांना भाकर मुळीच चालत नाही, त्यांच्यासाठी केवळ द्राक्षारसाच्या रूपाने ख्रिस्तप्रसाद घेण्याची मुभा २००३ साली रोममधून आलेल्या पत्रात स्पष्ट केलेली आहे. धर्मगुरूंशी आधी बोलावे, संकोच करू नये.

आणि आपण इतरांनी? नाताळच्या कार्यक्रमात, धर्मशिक्षणाच्या वर्गात, वाढदिवसाला मुलांना खाऊ वाटताना आधी पालकांना विचारावे. ‘एका घासाने काय होते?’ हे वाक्य आपण कायमचे टाकून द्यावे. शीतपेयाच्या किंवा बिनसाखरेच्या गोळ्यांच्या वेष्टनावर ॲस्पार्टेम असल्यास फिनाइलकीटोन्यूरियाच्या रुग्णांसाठी इशारा छापलेला असतो. तो बहुधा इंग्रजीत आणि बारीक अक्षरांत असतो. तो वाचण्याची सवय आपल्या युवकांनी लावून घ्यावी. ज्यांना संगणकाचे ज्ञान आहे, त्यांनी शेजारच्या मातेला पदार्थांची मराठी यादी करून द्यावी, काटा वापरण्यास शिकवावे, अर्ज भरण्यास मदत करावी. एखाद्या रविवारी तास-दोन तास ते बाळ सांभाळून तिला मिस्साला जाऊ द्यावे. हे कोणतेही ॲप करू शकत नाही.

११ फेब्रुवारीला जागतिक रुग्ण दिन असतो आणि फेब्रुवारीच्याच अखेरच्या दिवशी जग दुर्मीळ आजारांचा दिन पाळते. या दोन दिवसांच्या मधल्या काळात आपल्या धर्मग्रामात असे एखादे कुटुंब आहे काय, याचा शोध घ्यावा. असे कुटुंब आढळले, तर प्रथम त्यांच्याकडे जाऊन बसावे आणि विचारावे की तुमच्या बाळाला काय चालते? मग तेच करून न्यावे, तोलून आणि वजन लिहून. वरणाची वाटी नाकारली गेलेल्या त्या बाळासमोर त्याच्यासाठीच केलेले काहीतरी ठेवले गेले, तर आजोबांचा हात धरण्याची वेळ त्या मातेवर पुन्हा येणार नाही. आजोबाही मोजलेला घास, नोंद करून, आपल्या हाताने भरवतील.